पेटीखालचा दगड

आमच्या धरणातली मगर तिकीट काढून लाँचमध्ये बसते, ही माझी गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. ती खोटी आहे. मगरीनं तिकीट कधीच काढलं नाही, फुकटच यायची. आता सांगतोय ती मात्र खरी आहे, आणि म्हणूनच ती सांगायला मला फारसं आवडत नाही. थापेत आपल्याला हवा तो माणूस शेवटपर्यंत जिवंत ठेवता येतो. खऱ्या गोष्टीत तशी सोय नसते.

आमची गेळवाडी धरणाच्या फुगवट्यावर, तीन बाजूंनी डोंगर. रस्त्यानं तालुक्याला जायचं तर अर्धा दिवस मोडतो, पाण्यातून तासाभरात माणूस पोचतो. ती लाँच चालवायचा मी, नाना शेलार. तेव्हा डिझेलची होती. तिच्या इंजिनाच्या आवाजानं पलीकडच्या काठावरच्या म्हशी आटतात, असं मी उतारूंना सांगायचो आणि ते माना डोलवायचे, कारण त्यांना एक अक्षर ऐकू जायचं नाही. आता बॅटरीची लाँच आली आहे. ती पाण्यावरून सावली सरकावी तशी सरकते. मला अजून तिची भीती वाटते.

वाडीच्या टोकाला संपत उतेकर आणि त्याची बायको सारिका यांचं घर. मागच्या परड्यात मधाच्या सातेरी माश्यांच्या पेट्या. संपत माझा दोस्त, वयानं माझ्या मुलासारखा, पण थापा ऐकायला त्याच्यासारखा माणूस नाही. पोटभर हसायचा आणि शेवटी म्हणायचा, "नाना, यातलं मगरीचं तेवढं खरं हाय."

त्या सुमारास वरच्या पठारावरच्या स्ट्रॉबेरीतून रानमाशी नाहीशी झाली होती. शेतकरी आमच्या पेट्या भाड्यानं न्यायचे. पण माशी म्हणजे काही रोजंदारीचा गडी नव्हे. पेटी स्ट्रॉबेरीत मांडावी, तर ती जाणार बांधावरच्या जांभळावर. यावर एका कंपनीनं बाहुली काढली.

बाहुली म्हणजे यंत्राची माशी. मेणाचं अंग, पाठीवर अभ्रकासारखे पंख, आणि पेटीतल्या एका चौकटीला बारीक सळईनं पक्की बसवलेली. फोनवरच्या नकाशात एका जागी बोट ठेवलं की ती आत अंधारात नाचायला लागायची. जी माशी तिच्या मागं लागेल तिच्या तोंडात पाकाचा थेंब द्यायची. थोड्या वेळानं पेटीच्या दारातून रांग सुटायची, ती थेट बोट ठेवलेल्या जागी.

बाहुलीमागचं डोकं डॉ. नफीसा तांबोळी यांचं. कीटकांचा मेंदू हा त्यांचा अभ्यास. पहिल्यांदा लाँचमध्ये बसल्या तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "मॅडम, एवढ्याशा डोक्यात नकाशा मावतो? माझ्या एवढ्या डोक्यात बायकोनं सांगितलेली भाजी राहत नाही."

त्या हसल्या. इंजिनाच्या वर आवाज चढवून त्यांनी जे सांगितलं ते मला अजून आठवतंय, कारण इतकं सोपं करून मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"नाना, माशीचा मेंदू तिळाएवढा. त्याच्या मधोमध पेशींचं एक कडं असतं. माशी वळली की त्या कड्यातली जाग सरकते, होकायंत्राचा काटा सरकावा तशी. सूर्य कुठं आहे ते त्या कड्याला कळतं, ढग असले तरी. आणि उडताना डोळ्यांखालून जमीन किती सरकली त्यावरून किती लांब आलो ते कळतं. दोन्ही मिळून डोक्यात एक बाण तयार होतो. घर इकडं, फुलं तिकडं, एवढं लांब."

"आणि नाचते कशाला?"

"तो बाण दुसरीला द्यायला. पोळं उभं, आत अंधार, सूर्य दिसत नाही. म्हणून ती सरळ वर म्हणजे सूर्य असं धरते. सूर्याच्या जेवढं डावीकडं जायचं तेवढी डावीकडं कलून, शेपूट हलवत चालते. जास्त लांब असेल तर जास्त वेळ हलवते. बाकीच्या आपल्या मिशांनी तिला चाचपतात, आणि तोच बाण त्यांच्या कड्यात उभा राहतो. न गेलेल्या जागेचा."

न गेलेल्या जागेचा बाण. हे शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, पण तेव्हा मी तो वाऱ्यावर ढकलला.

संपतला बाहुल्या म्हणजे खेळणं मिळालं. तो जिथं जाईल तिथं बोट ठेवायचा. रानात फूल बघायला निघाला की आधी बाहुल्यांना जागा सांगायचा आणि म्हणायचा, "मी पोचायच्या आत माझी माणसं पोचत्यात." सारिकाही तरबेज झाली होती. जेवायची वेळ टळली की परड्यात उभी राहून माश्यांची रांग कुठं जाते ते बघायची आणि म्हणायची, "आले न्हाईत अजून, हिरड्याच्या माळावर बसलेत." नवऱ्याचा पत्ता माश्यांकडून कळणारी पंचक्रोशीत ती एकटीच.

मग ते साल आलं. कारवी फुलली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळा डोंगर जांभळा करते आणि मरते. संपत वेडा झाला होता. रोज नवा कडा धुंडाळायचा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवरा-बायकोत जुंपली, ती मला धक्क्यावर ऐकू आली.

"सणाचं तरी घरी थांबा."

"कारवी सण बघून फुलती व्हय? गेली की गेली."

"मग कारवीशीच बोला."

अबोला सुरू झाला. त्या घरातला अबोला म्हणजे कडक. मीठ हवं असलं तरी संपत मांजराला सांगायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, तशी मधपाळांच्या घरी पेट्यांची. आमचा पाऊस आडवा. पाणी दारातून आत जाऊ नये, आलंच तर निथळून जावं, म्हणून पावसाळाभर पेट्या पुढं कलत्या ठेवतात, मागच्या बाजूला खाली एकेक चपटा दगड. खंडेनवमीच्या सकाळी ते दगड काढायचे, पेट्या सपाट करायच्या, पुसून हळदकुंकू लावायचं. पाऊस संपल्याची ती खूण. सारिका मागं ते करत होती. संपतनं पुढच्या ओसरीवर चहा घेतला, फोनवर बोट ठेवलं, माश्यांना धूर द्यायचं धुराडं उचललं आणि आपली होडी घेऊन निघाला. कुठं, ते सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

दिवस कलला तरी तो आला नाही. सारिका परड्यात गेली. माश्यांची रांग मोठ्या पाण्याकडे चालली होती. जिथं ना काठ, ना झाड, तिथं.

ती धक्क्यावर धावत आली. "नाना, लाँच काढा. हे पाण्यात हायेत."

आम्ही गेलो. ती पुढच्या टोकावर उभी राहून हातानं दिशा दाखवत होती आणि मी इंजिन पूर्ण वेगात सोडलं होतं. पाण्याच्या मधोमध संपतची होडी सापडली, रिकामी. त्यानंतर चार दिवस गळ टाकले, जाळी टाकली, जिल्ह्याचे पाणबुडे आले. काही मिळालं नाही. पाण्यानं नेलं, असं सगळ्यांनी ठरवलं. काही जणांनी, मुंबईत दुसरं बिऱ्हाड असेल, असंही ठरवलं. सारिकानं मंगळसूत्र काढलं नाही आणि दहावंही घातलं नाही. म्हणायची, "ठिकाण कळल्याशिवाय माणूस गेला म्हणायचं कसं?"

कंपनीनं त्याच हिवाळ्यात गाशा गुंडाळला. तोवर शेवटच्या जागीच नाचत राहिलेल्या बाहुल्या काढून नेल्या. भोकं तेवढी चौकटींना राहिली.

वर्ष गेलं. पुढचा पावसाळा सरता सरता नफीसा मॅडम परत आल्या, या खेपेला एकट्याच. सोबत एक कॅमेरा होता, अंधारात माश्यांचा नाच वाचणारा आणि नकाशावर बाण काढणारा. बाहुल्या गेल्यावर माश्या मूळ पदावर येतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मला त्यांनी पेट्या उचलायला धरून नेलं.

मॅडम नकाशाकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सारिकाताई, या पेट्यांतल्या माश्या कमी का झाल्यात?"

"पाण्यात जात्यात. रोज. मी बघती."

मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला. सगळे बाण एका जागी. मोठ्या पाण्याच्या मधोमध.

मी म्हटलं, "म्हणजे बाहुली आत राहिली असेल एखादी."

"नाही नाना. या खऱ्या माश्या आहेत." त्यांनी ओठ चावला. "बाहुली बघितलेली एकही माशी आज जिवंत नाही. माशी महिना-दीड महिना जगते. पण तरणी माशी नाचायला म्हाताऱ्यांकडून शिकते, हे आम्हाला माहीत होतं. म्हातारीचा नाच चुकला तर पोरीचाही चुकतो, जन्मभर. आमची बाहुली तर नाचाबरोबर पाक द्यायची. फुलापर्यंत न जाता. मग त्या नाचाचीच गोडी लागली. एकीनं दुसरीला दिला, दुसरीनं तिसरीला. त्याची रूढी झाली. सूर्य सरकतो तसा नाचाचा कोन बरोबर बदलतो, जागा मात्र तीच राहते. शेवटची."

सारिका पुढं झाली आणि तिनं पेटीच्या अंगावर हात ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"म्हणजे हे ह्यांनीच सांगितलंय."

"हो," मॅडम हळूच म्हणाल्या.

"आणि त्या मरत्यात कशा?"

"पाणी गुळगुळीत असलं की खालून काही सरकत नाही. माशीला वाटतं, आपण अजून निघालोच नाही. उंचीही कळत नाही. ती खाली खाली येत जाते." मग त्यांनी खरी गोष्ट काढली. "असंच चाललं तर या चारही पेट्या थंडी काढणार नाहीत. वाचवायच्या असतील तर म्हाताऱ्या माश्या दूर करायच्या आणि कोषांच्या चौकटी स्वच्छ पेट्यांत ठेवायच्या. आतून निघालेल्या पोरींना तो नाच दिसता कामा नये. एकदा साखळी तुटली की तुटली."

"म्हणजे ह्यांचं शेवटचं बोलणं पुसायचं."

मॅडमनी पडदा परत स्वतःकडे वळवला.

"ठेवलं तर माश्या मरणार. पुसलं तर हे."

"नाना, तुम्ही तरी सांगा," मॅडम मला म्हणाल्या. थाप मारायला मी कधी मागं सरत नाही, पण तिथं मला एकही सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सारिकानं काही ठरवलं नव्हतं, पण सण चुकवायचा नाही म्हणून ती दगड काढायला वाकली. मॅडम कॅमेरा लावून बसल्या होत्या. मी पेटीची मागची बाजू उचलून धरली. तिनं दगड ओढला, पेटी सपाट बसली.

"मॅडम, पेटी हलवली. तुमचा बाण हलला असंल."

"नाही, माशीला फरक पडत नाही. पेटी कशीही कलली तरी तिला वर म्हणजे वरच कळतं, वजनावरून." मॅडम पडद्याकडेच बघत होत्या. मग त्यांची मान वळली, दगडाकडे. "बाहुलीचा हलला असता. ती चौकटीला ठोकलेली. तिला वर म्हणजे चौकटीची वरची पट्टी. कलत्या पेटीत तिचा सगळा नाच तेवढा कलेल… पण मग संपतरावांच्या माश्या पावसाळ्यात बरोबर जागी कशा जायच्या?"

"बोट सरकवायचे हे." सारिकाच्या हातात दगड तसाच होता. "जायचं तिथं न्हाई ठेवायचे. जरा पाण्याच्या अंगाला धरून ठेवायचे, कल भरून काढायला. पाऊसभर. दगड हाय तवर."

"आणि त्या दिवशी दगड कधी काढलेत?"

"सकाळी. हे पुढं चहा घेत होते."

"त्यांना माहीत होतं?"

दगड तिच्या हातातून पडला. तो आवाज काही मोठा नव्हता.

"अबोला होता," सारिका म्हणाली.

मॅडमनी नकाशावरचा बाण धरला आणि कलाएवढा मागं फिरवला. बाणाचं टोक पाण्यावरून सरकत आलं, काठावर चढलं आणि घारकड्याच्या उतारावर थांबलं. घारकडा म्हणजे पाण्यात घुसलेलं डोंगराचं नाक. तिथं कारवीचं रान आहे. त्याच्या खालून आम्ही त्या चार दिवसांत सतरांदा गेलो होतो, पाण्याकडे बघत.

आम्ही तिघं गेलो. वर्षभरात सरकारनं डिझेलची लाँच काढून बॅटरीची दिली होती. कड्याखाली पोचलो तेव्हा इतकं शांत होतं की वर कारवीच्या वाळक्या काटक्या एकमेकींवर घासत होत्या ते ऐकू येत होतं.

तो सापडला. दोन खडकांमधल्या घळीत, पाय अडकलेला. खाली काठाला लावलेली त्याची होडी तेव्हा वाऱ्यानं सुटून मधोमध गेली असणार. काय उरलं होतं ते सांगत नाही. सांगतो ते धुराड्याचं. धुराडं त्याच्यापासून हातभर अंतरावर एका सपाट दगडावर नीट उभं ठेवलेलं होतं. आत राख गच्च. आजूबाजूला हात पोचेल तिथपर्यंतची कारवी ओरबाडलेली, आणि तिचे अर्धवट जळालेले देठ. पडल्या पडल्या गेलेला माणूस धूर करत बसत नाही.

सारिका त्या राखेकडे बघत राहिली. मग घळीच्या तोंडाशी जाऊन तिनं खाली पाहिलं. खाली पाणी, आणि आम्ही गळ टाकले होते ती जागा. हाकेच्या अंतरावर.

"नाना."

"बोल पोरी."

"त्या चार दिवसांत, हितनं जाताना, इंजिन बंद केलं होतं का कधी?"

पूर्ण आयुष्य मी थापा मारल्या. मगरीच्या, म्हशींच्या, पाण्याखालच्या गावात वाजणाऱ्या घंटेच्या. त्यातली एकही कुणाच्या उपयोगाची नव्हती.

"केलं होतं की," मी म्हणालो. "दोनदा. कान देऊन ऐकलं. काहीच नव्हतं पोरी. तो त्याआधीच गेला असणार."

तिनं माझ्याकडे बघितलं. "हे म्हणायचे, नाना थाप मारताना मिशी चोळत्यात."

माझा हात मिशीवर होता. मी तो खाली घेतला.

क्रियाकर्म झालं. तेरावं उरकल्यावर सारिकानं मॅडमना निरोप पाठवला की, करू या. कोषांच्या चौकटी तिनं स्वतः काढल्या आणि नव्या पेट्यांत ठेवल्या. म्हाताऱ्या माश्या मारायला मात्र तयार होईना. त्यांना जुन्या पेट्यांत बंद करून लाँचमध्ये ठेवलं आणि आम्ही त्या घारकड्यावर नेऊन ठेवल्या. मॅडम म्हणाल्या, "इतक्या जवळ नेल्यात, या परत येतील. माशी जुन्या जागेवर येते."

"येऊ द्यात," सारिका म्हणाली. "पोरींनी बघितलं न्हाई म्हणजे झालं."

नव्या पेट्यांतल्या पोरी बाहेर आल्या. शिकवायला कुणी म्हातारी नाही. त्यांचा नाच बघून मॅडमना हसू आणि रडू एकदम आलं. कुणी गोल गोलच फिरतेय, कुणी मध्येच थांबतेय, कुणी हातभर अंतरावरचं फूल कोसभर लांब सांगतेय. मॅडमनी पिशवीतून एक बाहुली काढली, शेवटची उरलेली. "आठ दिवस लावू? बरोबर शिकतील."

"नको. चुकू द्यात." सारिकानं झाकण लावलं. "निदान स्वतःच्या मनानं चुकतील."

पुढच्या वर्षापर्यंत त्या बऱ्याच सुधारल्या. पेट्या भरल्या, मध निघाला. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. थाप असती तर मी संपवली असती.

पण सारिकाच्या परड्यात जुन्या पेट्यांची जागा अजून मोकळी आहे, आणि ऊन कलतं झालं की तिथं माश्या येतात. घारकड्याकडून, काठाकाठानं, एका रांगेत. पेटी नसलेल्या जागेवर घुटमळतात, हवेत दार शोधतात आणि परत जातात. त्या म्हाताऱ्या महिना-दीड महिन्यात संपल्या असणार. आज तीन वर्षं झाली. मॅडमना विचारलं तर म्हणतात, कड्यावरच्या पेट्यांत नवी राणी झाली असेल, आणि म्हाताऱ्यांनी तिथल्या पोरींना जाता जाता घराचा बाण शिकवला असेल. एकदा कॅमेरा लावून वाचायला हवं, असंही म्हणतात. सारिका वाचू देत नाही.

खंडेनवमीला ती सकाळी परड्यात जाते. दगड काढते, पेट्या सपाट करते, हळदकुंकू लावते. मग त्या मोकळ्या जागेपाशी उभी राहते आणि घारकड्याकडे तोंड करून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते, "अहो, दगड काढलेत बरं का! ऐकलंत का?"

आणि उत्तराची वाट बघत थांबते.

मी तेव्हा धक्क्याजवळ पाण्यात असतो. बॅटरीच्या लाँचला आवाज नसतो. तरी तेवढा वेळ मी ती बंद करतो.